बारावीनंतर पाच वर्षांचं लॉ: कोर्स नेमकं काय शिकवतो आणि प्रवेशाला काय बघतात

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की मुलगी बारावी सायन्सला आहे, मेडिकल-इंजिनीअरिंग नको म्हणतेय, पाच वर्षांचं लॉ करायचं म्हणतेय, आणि तुम्हाला कळत नाहीये की हा कोर्स मुलांना नेमकं काय शिकवतो आणि कॉलेजवाले प्रवेश देताना काय अपेक्षा ठेवतात. शेवटी लिहिलंय की ती बोलायला पटाईत आहे, वक्तृत्वाची बक्षिसं आहेत, म्हणजे चालून जाईल ना. मी जिल्हा न्यायालयात दिवाणी कामं बघतो आणि बरीच वर्षं लॉ कॉलेजात व्हिजिटिंग म्हणून शिकवतोय, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगतो.

आधी ते बोलण्याचंच घेऊ, कारण दर वर्षी दहातले आठ पालक हेच विचारतात. बोलता येणं वाईट नाही, उपयोग होतोच, पण त्यावर लॉ करायचं ठरवू नका. एक दिवस कुठल्याही दिवाणी कोर्टात मागच्या बाकावर बसून बघा, भाषण असं कोणी करतच नाही. दावा, कैफियत, तूर्तातूर्त मनाईचा अर्ज, त्यावर म्हणणं, शपथपत्र, पुरशिस, सगळं कागदावर चालतं. लोकांना सगळ्यात नाट्यमय वाटतो तो उलटतपास, तोसुद्धा आधी वाचलेल्या कागदावरच उभा असतो. साक्षीदार सरतपासात, म्हणजे आपल्याच वकिलापुढे, म्हणतो जमीन 1994 पासून माझ्या कब्जात, आणि त्यानेच दाखल केलेल्या सातबाऱ्यावर पीकपाहणीला 2003 पर्यंत दुसऱ्याचंच नाव, तर वकिलाला फक्त चार छोटे प्रश्न विचारायचे असतात, आवाज चढवायची गरजच नाही. पण ते चार प्रश्न सुचायला रात्री शंभर-दीडशे पानांची फाईल नीट वाचलेली लागते. मुलीला वाचायला आवडतं का, कंटाळवाणं असलं तरी तासभर एका जागी बसून वाचते का, मला विचाराल तर पहिला प्रश्न हा. बक्षिसं नंतर.

आता कोर्स. वकिलीचं शिक्षण कसं असावं हे बार कौन्सिल ऑफ इंडिया ठरवते, ॲडव्होकेट्स ॲक्ट 1961 खाली तो अधिकार त्यांना आहे, आणि सध्या जे चालतं ते मुख्यतः 2008 च्या लीगल एज्युकेशनच्या नियमांवर. पाच वर्षांत दोन पदव्या एकत्र असतात, बीए एलएलबी, बीबीए एलएलबी, काही ठिकाणी बीकॉम किंवा बीएससीबरोबर सुद्धा. कायद्याचे वीस अनिवार्य विषय, शिवाय चार प्रॅक्टिकलचे, त्यात ड्राफ्टिंग, व्यावसायिक नीतिमत्ता, लवाद-मध्यस्थी वगैरे आणि मूट कोर्ट, म्हणजे सरावासाठीचा लुटुपुटूचा खटला, आणि इंटर्नशिप. वर ऐच्छिक विषय वेगळे.

पहिल्या दोन वर्षांत राज्यशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास असतं आणि पालक वैतागतात की फी भरली लॉची आणि पोरगी शिकतेय काय तर समाजशास्त्र. ते उगाच नाहीये. आधी आपल्याकडे लॉ म्हणजे पदवी झाल्यावर, नोकरी करता करता, सकाळ-संध्याकाळच्या वर्गात उरकायची गोष्ट होती, बरेच जण तर "असू दे एक डिग्री" म्हणून करायचे. बंगळुरूला नॅशनल लॉ स्कूल निघालं, 1988 मध्ये पहिली बॅच बसली, माधव मेनन सर तिथले संस्थापक संचालक, आणि त्यांचा आग्रहच असा होता की बारावी झालेली, लॉ हीच पहिली पसंती असलेली मुलं घ्यायची, पूर्ण वेळ शिकवायची, आणि कायदा समाजापासून तोडून शिकवायचा नाही. नंतरची बहुतेक लॉ विद्यापीठं त्याच वाटेने गेली. पोटगीचा कायदा शिकताना कुटुंब कसं चालतं हे माहीत नसेल, मक्तेदारीविरोधी कायदा शिकताना बाजार कसा चालतो हे माहीत नसेल, तर पोरं नुसती कलमं घोकतात.

आणि कलमं घोकण्याचं काय होतं ते आत्ताच सगळ्यांनी पाहिलंय. 1 जुलै 2024 पासून आयपीसी, म्हणजे जुनी दंड संहिता, गेलं, भारतीय न्याय संहिता आली, सीआरपीसीच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, जागी नागरिक सुरक्षा संहिता, एव्हिडन्स ॲक्टच्या जागी साक्ष्य अधिनियम. खुनाच्या शिक्षेचं 302 होतं ते 103 झालं, फसवणुकीच्या 420 चं 318 झालं. ज्या मुलांनी नुसते आकडे पाठ केले होते त्यांची पंचाईत झाली. पण सदोष मनुष्यवध कधी खून ठरतो आणि कधी ठरत नाही, त्यात हेतू कुठे बघायचा आणि परिणामाची जाणीव कुठे बघायची, हे ज्यांना समजलं होतं त्यांना 299-300 च्या जागी 100-101 वाचायला फार तर एक आठवडा लागला, कारण आतला विचार बराचसा तोच आहे. (जुनी सेकंडहँड पुस्तकं घेऊ नका हं, निदान फौजदारी कायद्याची तरी. फुटपाथवर स्वस्तात मिळतात म्हणून पोरं अजून उचलतात.)

तर कोर्सचं खरं उद्दिष्ट काय, तर विचार करायची एक विशिष्ट सवय लावणं. उदाहरण देतो, पहिल्या-दुसऱ्या वर्षात कॉन्ट्रॅक्टला सगळीकडे शिकवतात ती मोहरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष, प्रिव्ही कौन्सिल (ब्रिटिश काळातलं सगळ्यात वरचं अपील कोर्ट), 1903. एका अज्ञान मुलाने, म्हणजे कायद्याने वयात न आलेल्या मुलाने, आपली मालमत्ता सावकाराकडे 20,000 रुपयांना गहाण टाकली. सावकाराच्या वतीने व्यवहार बघणाऱ्या माणसाला मुलगा अज्ञान असल्याची कल्पना होती. पुढे मुलाच्या बाजूने दावा आला की हे गहाणखतच रद्द करा. वर्गात मी एवढंच सांगतो आणि विचारतो, निकाल काय लागायला हवा? अर्धा वर्ग म्हणतो पैसे घेतले ना, मग परत द्यायला नकोत का, उरलेला अर्धा म्हणतो सावकार लबाड होता, बरं झालं. दोन्ही बाजू तावातावाने भांडतात आणि कायद्यात काय लिहिलंय हे कोणीच विचारत नाही! मग 1872 च्या करार कायद्याचं कलम 11 उघडायचं, करार करायला सक्षम कोण ते वाचायचं, आणि मग हळूहळू लक्षात येतं की कोर्टापुढे प्रश्न "लबाड कोण" हा नव्हताच, अज्ञानाने केलेला करार मुळात करार असतो का हा होता. उत्तर आलं, नाही, तो सुरुवातीपासूनच शून्य. मग करारच नाही तर करारापोटी दिलेले पैसे मागायचे कुठल्या आधारावर, हा पुढचा प्रश्न, आणि सावकाराला ते पैसेही परत मिळाले नाहीत.

घटना काय, त्यातल्या कामाच्या कुठल्या, कोर्टापुढे मुद्दा काय, नियम काय, तो या घटनांना लागतो का, आणि निकालपत्रातला कुठला भाग पुढच्या केसवर बंधनकारक आणि कुठला न्यायाधीश जाता जाता बोलून गेले, हेच पाच वर्षं वेगवेगळ्या विषयांत परत परत करायचं असतं. ज्याला हे जमलं त्याला नवीन कायदा आला तरी फरक पडत नाही. बाकी संविधान, हक्क, सामाजिक भान हे सगळं माहितीपत्रकात छापलेलं असतं, ते खोटं नाही, पण ते या सवयीशिवाय नुसतं भाषणच राहतं.

इंटर्नशिप पाच वर्षांच्या कोर्सला एकूण किमान वीस आठवडे लागते, नियमच आहे तो. ओळखीच्या वकिलाकडून सही-शिक्का आणणारी मुलं आहेत, शिकवणाऱ्यांना ते दिसतं सुद्धा, पण पाचव्या वर्षी वकालतनामा कुठे जोडायचा आणि कोर्ट फी स्टॅम्प कितीचा लावायचा हे विचारल्यावर ती गप्प होतात. पहिल्या सुट्टीत मोठ्या लॉ फर्मच्या मागे लागू नका. तालुका कोर्टातल्या कामात असलेल्या वकिलाकडे महिनाभर बसवा, तिथे जमीन, चेक बाऊन्स, पोटगी, अपघात सगळं एकाच टेबलवर येतं.

आता प्रवेश. पात्रता बार कौन्सिलच्या नियमात सरळ आहे, बारावीला खुल्या वर्गाला 45 टक्के, ओबीसीला 42, एससी-एसटीला 40. क्लॅट या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेला मात्र ओबीसीलाही 45 च लागतात, तिथे गोंधळ करू नका. शाखा कुठलीही चालते, सायन्सवाल्यांना काही अडचण नाही. आणि या टक्क्यांवर प्रवेश मिळतो असा समज असेल तर काढून टाका, नियमातच म्हटलंय की एवढे मार्क असले म्हणजे आपोआप प्रवेशाचा हक्क मिळाला असं नाही. ते नुसतं दार आहे, आत जायचं ते प्रवेश परीक्षेच्या गुणांवर. त्यामुळे बारावीला 61 पडले का 91, लॉच्या परीक्षेपुरता जवळपास फरक नाही, मार्क कमी पडले म्हणून लॉ सोडू नका आणि जास्त पडले म्हणून निर्धास्तही राहू नका.

परीक्षा मुख्य तीन धरा. क्लॅट, ज्यावर दिल्ली सोडून बहुतेक सगळ्या नॅशनल लॉ युनिव्हर्सिटी घेतात, आपल्या मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या सुद्धा. दिल्लीच्या नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीची आयलेट वेगळी. आणि राज्याची एमएच सीईटी लॉ, तिच्यावर राज्यातली सरकारी, अनुदानित आणि बरीचशी खासगी कॉलेजं, म्हणजे मुंबईचं 1855 चं गव्हर्न्मेंट लॉ कॉलेज, जिथे बाबासाहेब 1935 मध्ये प्राचार्य झाले ते, पुण्याचं 1924 चं आयएलएस, वगैरे. सिम्बायोसिसची स्लॅट परत निराळी.

क्लॅटचा पेपर 2020 पासून बदललाय हे खूप जणांना अजून माहीत नाही. आधी जीकेचे एका ओळीचे प्रश्न असायचे, आता सगळं उताऱ्यांवर. 120 प्रश्न, दोन तास, चुकीला पाव मार्क वजा. इंग्रजी, चालू घडामोडी, लीगल रीझनिंग, लॉजिकल रीझनिंग आणि थोडंसं गणित, गणित दहावीच्या पातळीचं, त्याला सायन्सची मुलं घाबरत नाहीत. पण साडेचारशे शब्दांपर्यंतचे उतारे एकामागून एक वाचायचे म्हणजे दोन तास डोकं थकतं, आणि मुलं गळतात ती तिथे, ज्ञान कमी पडतं म्हणून नव्हे.

लीगल रीझनिंग म्हणजे काय ते दाखवतो, प्रश्न मीच बनवलाय. उताऱ्यात नियम दिलाय: धोका पूर्ण माहीत असून माणसाने स्वखुशीने तो पत्करला तर त्याला नंतर नुकसानभरपाई मागता येत नाही, मात्र समोरच्याच्या निष्काळजीपणामुळे वाढलेला धोका त्यात येत नाही. घटना: अमुक माणूस तिकीट काढून क्रिकेटची मॅच बघायला गेला, तिकिटामागे लिहिलेलं की चेंडू लागल्यास आयोजक जबाबदार नाहीत, संरक्षक जाळी आदल्या दिवशीच फाटली होती आणि आयोजकांना ते माहीत होतं, षटकार आला, जाळीच्या फाटक्या भागातून चेंडू आला आणि याचं डोकं फुटलं. भरपाई मिळेल का? एक प्रकारची मुलं "बिचाऱ्याला लागलं ना, मिळालीच पाहिजे" म्हणून टिक करतात, दुसऱ्या प्रकारची तिकिटामागचं वाचून "सही केल्यासारखंच आहे, नाही मिळणार" म्हणतात. मिळेल हे उत्तर बरोबर आहे पण कारण "बिचारा" हे नाही, मॅचमध्ये चेंडू येतो हा धोका त्याने पत्करला, फाटकी जाळी त्याला माहीतच नव्हती आणि ती आयोजकांची निष्काळजी. आणि पर्यायांमध्ये "हो, कारण त्याला गंभीर इजा झाली" आणि "हो, कारण फाटलेल्या जाळीचा धोका त्याने पत्करलेला नव्हता" असे दोन्ही असतात, तिथेच गंमत आहे. बाहेरचं कायद्याचं ज्ञान लावायचं नाही, उताऱ्यातला नियम पटत नसला तरी तोच धरायचा. मोहरी बीबीच्या वर्गात जे करतो तेच इथे दोन मिनिटांत करून मागतात. म्हणून मी म्हणतो की प्रवेश परीक्षा आणि कोर्स यांचा संबंध नाही अशी जी तक्रार असते ती निदान आताच्या पेपरबद्दल तरी खरी नाही.

सीईटीचा बाज वेगळा. तिथे चुकीला मार्क कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही, आणि पेपर इंग्रजी-मराठी दोन्हीत असतो, इंग्रजीचा भाग सोडून. जीके आणि कायद्याची प्राथमिक माहिती थेट विचारतात, तेव्हा संविधानाची कलमं, कोण कुठल्या पदावर, असलं वाचून जावं लागतं. मराठी माध्यमाच्या मुलांनी क्लॅटचा बाऊ करून लॉच सोडू नये, सीईटीने चांगल्या कॉलेजात जाता येतं. खालच्या न्यायालयांची भाषा मराठी आहे, तिथे चांगलं मराठी लिहिणारा वकील कमीच सापडतो. पण हायकोर्ट-सुप्रीम कोर्टाचं काम घटनेच्या कलम 348 प्रमाणे इंग्रजीत, सगळी निकालपत्रं इंग्रजीत, म्हणून पहिल्या दोन वर्षांत इंग्रजी वाचनाला रोज तासभर द्यायचाच. फाडफाड बोलता आलं नाही तरी चालेल, वाचलेलं कळलं पाहिजे.

वेळेचं एक. क्लॅट आणि आयलेट डिसेंबरात होतात, म्हणजे बारावीच्या बोर्डाच्या आधीच, आणि फॉर्म त्याच्या काही महिने आधी सुटतात. "बोर्ड झाल्यावर लॉचं बघू" म्हणणाऱ्यांची क्लॅट गेलेलीच असते, मग सीईटी उरते. क्लासला लाखभर घालायच्या आधी तिला रोज एका इंग्रजी पेपरचा संपादकीय लेख वाचून चार ओळींत लेखकाचा मुद्दा काय ते लिहायला लावा आणि आठवड्याला एक जुना पेपर वेळ लावून सोडवायला द्या, दोन-तीन महिन्यांत अंदाज येतो.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त मुलं कशात अडकतात माहितीये का, जात वैधता प्रमाणपत्रात. इंजिनीअरिंग-मेडिकलकडे जाणारी मुलं अकरावी-बारावीतच अर्ज करतात, लॉकडे वळणाऱ्यांना कोणी सांगतच नाही, आणि सीईटीत चांगले मार्क मिळवून ऐन कॅप राउंडला, म्हणजे कॉलेजं वाटून देणाऱ्या केंद्रीय प्रवेश फेरीला, धावाधाव. तुम्ही कुठल्या प्रवर्गात येता ते लिहिलं नाहीये, पण लागत असेल तर आजच अर्ज टाका, नॉन-क्रिमीलेयर आणि डोमिसाईल पण बघून ठेवा. कॅपला पसंतीक्रम भरताना "इथे लागेल असं वाटतं" या हिशोबाने भरू नका, जिथे खरंच जायचंय ते वर.

कॉलेज निवडताना प्लेसमेंटचे आकडे बाजूला ठेवा थोडा वेळ. लायब्ररी कितीला बंद होते, मूट कोर्टला कोणी शिक्षक बसतो का, पूर्णवेळ शिक्षक किती, कोर्ट किती लांब, हे तिथल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांना गेटवर गाठून विचारा, ती खरं सांगतात. हजेरी 70 टक्के नियमात आहे, ती कागदावरच असेल तर तेही कळेल. फीचा फरक प्रचंड आहे, सरकारी कॉलेजात वर्षाची फी काही हजारांत आणि नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीत हॉस्टेल-मेस धरून अडीच-तीन लाखांच्या आसपास, कुठे त्याहून वर. कर्ज काढून जाणार असाल तर एक लक्षात घ्या, ज्युनिअर वकिलाला पहिली काही वर्षं सीनिअरकडे फार काही मिळत नाही. कॉर्पोरेटची नोकरी लागली तर गोष्ट वेगळी, ती सगळ्यांना लागत नाही.

अजून एक जे पालक धरून चालतात, की तीन वर्षांनी नाही जमलं तर बीए घेऊन बाहेर पडेल. बार कौन्सिलच्या नियमात मधून बाहेर पडून अर्धी पदवी घ्यायची सोय नाहीये, मधूनच आत यायची सुद्धा नाही. बीएसएल-बीएलएस या जुन्या लॉ पदव्यांच्या वेळची ऐकीव माहिती यात मिसळलेली असते. खात्री नसेल तर आधी पदवी आणि मग तीन वर्षांचं एलएलबी, सनदेच्या, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या, दृष्टीने दोन्ही सारखंच, त्यात काही कमीपणा नाही.

शेवटचं, न्यायाधीश व्हायचंय म्हणाली असेल तर. मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तरच्या परीक्षेला बसायला किमान तीन वर्षांची वकिली लागेल, म्हणजे पाच वर्षं झाली आणि थेट जज असं आता धरू नका. वकिली करायची तर ऑल इंडिया बार एक्झाम द्यावी लागतेच, ती शंभर एमसीक्यूची, टीपा नसलेले बेअर ॲक्ट, म्हणजे नुसत्या कायद्याच्या मजकुराची पुस्तकं, आत नेता येतात. आणि सनदेची फी 2024 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाप्रमाणे खुल्या वर्गाला 750 आणि एससी-एसटीला 125 रुपयांपेक्षा जास्त मागता येत नाही, कोणी वीस हजार सांगितलं तर विचारा कशाचे.

या रविवारी तिला विशाखा विरुद्ध राजस्थान राज्य, 1997 चा निकाल डाउनलोड करून द्या, फार मोठा नाहीये. एका पानात घटना, मुद्दा, निर्णय आणि कारण लिही म्हणा, गुगल न करता. चुकेल, चुकू दे. सोमवारी दुसरा निकाल मागितला तर क्लॅटचा फॉर्म भरा. आणि प्रवर्ग आणि जिल्हा कळवलात तर सीईटीतली कुठली कॉलेजं वर टाकायची ते बघून सांगतो.